डायरेक्टरला मिळालेला आशीर्वाद

प्रिय दौरेन,

"एका मेंढ्यासाठी एवढं?" असं तू, मी बोलेनाशी झाल्यावर, विचारलंस. या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. कारागांडीत चार वर्षं शिकून आले, उद्यापासून गावच्या शाळेत शिकवणार आहे, तरी देता येत नाही. म्हणून जे झालं तेच लिहिते.

डायरेक्टरला तू चांगला ओळखत होतास. आईवेगळं कोकरू होतं ते. आमच्या धाकट्या तोल्कीनने त्याला बाटलीने दूध पाजलं आणि त्याने आम्हालाच पाळलं. सकाळी घरभर फिरून तपासणी करायचा, म्हणून हे नाव. बाबांचा मोजा खायचा, आत्याच्या गादीवर बसायचा. "घरात एक पदवीधर, एक डायरेक्टर, काम करणारं कुणीच नाही," बाबा म्हणायचे आणि त्याचे कान खाजवायचे. गेल्या शरदात त्याने तुला मागून अशी धडक दिली की तू पाण्याच्या डोणीत बसलास. तोल्कीन हसून हसून लोळली. तू भिजलेल्या विजारीनेच तिला म्हणालास, "याला आमच्या लग्नात पहिल्या रांगेत बसवू." त्या दिवशी मला तू फार आवडलास.

पाहुणे आले की तळलेले गोळे, बावूरसाक, मिळतात, एवढं डायरेक्टरला पक्कं ठाऊक होतं. तुमची मंडळी सोयरिकीला आली तेव्हा बाबा कापण्यासाठी ठरवलेला मेंढा शेजाऱ्याकडून आणायला गेले होते आणि हा ऐटीत उंबऱ्यात येऊन उभा राहिला. तुझ्या वडिलांना वाटलं, आशीर्वादासाठी आणलेला मेंढा हाच. "वा, काय तगडा आहे!" म्हणत त्यांनी तळवे उघडले. सगळ्यांनी उघडले; आशीर्वाद मिळाला की तोच मेंढा कापतात, अशी आपली रीत. आशीर्वाद म्हणून झाला तेव्हा बाबा दाराशी पोचले होते, दुसऱ्या मेंढ्याची दोरी हातात धरून. वडीलधाऱ्या पाहुण्याला चुकलात म्हणून कसं सांगायचं? त्यांनी दोरी सोडून दिली.

"तो आमचा डायरेक्टर आहे!" तोल्कीन ओरडली. तुझे काका म्हणाले, "मग तर आमचा मान आणखी मोठा!" सगळे हसले. आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला, तरी मी बोलले. तुझ्या वडिलांना म्हटलं, "हा घरात वाढलेला आहे. लहान मुलीचा आहे." त्यांनी वाटी खाली ठेवली. भला माणूस आहे तो, दौरेन. त्यांनी तुझ्याकडे वळून विचारलं, "खरं का रे? तू तर येऊन गेलायस इथे." आणि तू चहाच्या वाटीत बघत म्हणालास, "मला काय ठाऊक? मेंढे सगळे सारखेच."

डायरेक्टरची कलेजी आणि शेपटाची चरबी एका ताटात आली, दोन्हीकडच्यांनी एकमेकांना भरवली, दोन्ही घरं व्याही झाली. तू दोनदा घेतलंस. तोल्कीन रडली नाही. तिने सगळ्यांना चहा दिला, तुलाही. आता कुणी येताना दिसलं की ती उठून दार लावून घेते.

थोरांसमोर जावयाने बोलू नये, हे मलाही कळतं. पण तुला बोलायचं नव्हतं, नुसतं "हो" म्हणायचं होतं. उद्या आपल्या मुलाबद्दल, माझ्याबद्दल कुणी तुला असंच विचारेल. तेव्हा तू काय म्हणशील, याची मला भीती वाटते. तू दुष्ट नाहीस. दुष्ट असतास तर हे पत्र सोपं झालं असतं.

व्याहीपण मोडलं की बाबांना गावात मान खाली घालावी लागेल. माझा निर्णय काल त्यांना सांगितला. रिकाम्या गोठ्याकडे बघत ते म्हणाले, "दोरी मीच सोडली होती, पोरी," आणि उठून गेले. सोयरिकीच्या दिवशी जेवणानंतर तुझ्या आईने खूण म्हणून माझ्या कानात घातलेली कर्णफुलं मी आज सकाळी काढली, रुमालात बांधली आणि मामाच्या हाती तुमच्याकडे पाठवली. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती तुझ्या आईच्या हातात पोचलेली असतील.

गुल्सिम