उणे चौतीस अंशांतली गाडी आणि ओर्वोक्कीबाईंचे निखारे

साल्ला,
रविवार, १६ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप तैस्तोकाका आणि लेम्पीकाकू यांना सिल्याचा आदरपूर्वक नमस्कार.

काकांची कंबर स्पेनच्या उन्हात सैल झाली असेल आणि काकूंना तिथे हव्या तशा राईच्या भाकऱ्या मिळत असतील अशी आशा करते. (मिळत नसतील तर कळवा. इथल्या दुकानदाराला विचारलं, तो म्हणतो टपालाने गेल्यावर त्या आणखी चांगल्या लागतात.) आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची गाडीही खुशाल आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना काकांच्या छातीत धडधडणार नाही.

तळ्याकाठचं लाकडी घर आणि गाडी, दोन्ही तुम्ही एका शब्दावर मला वापरायला दिलीत. त्याबद्दल आभार कसे मानू? राकेलच्या घरी तिच्या सासरची मंडळी जमिनीवरसुद्धा दाटीने झोपली होती. तिच्या बाळाचा बाप्तिस्मा आज दुपारी बारा वाजता, त्यांच्याच बैठकीच्या खोलीत होता आणि धर्ममाता मी. मला निवडण्यासाठी राकेल सासूशी भांडली होती, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सासूबाईंनी स्वतःच्या भाचीला नवा ब्लाऊज शिवून तयार ठेवला होता. "विमा कंपनीतल्या बाईसाहेबांना यायला वेळ झाला तर?" असं त्या माझ्यासमोरच म्हणाल्या. आणि काका, मी शिकावं म्हणून माझी ही बहीण पंधराव्या वर्षी करवतीच्या कारखान्यात कामाला लागली. तिच्या मुलाला मी हातात घ्यायचं नाही, तर कुणी?

म्हणून मी सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. बॅटरी काढून रात्री घरात आणली आणि चुलीजवळ ठेवली. (फार जवळ नको, फार लांबही नको असं तुम्ही म्हणाला होतात. किती, ते सांगितलं नव्हतं. तेव्हा मी तिला माझ्या पलंगाशेजारी घेतलं आणि अधूनमधून हात लावून पाहत राहिले, तान्ह्या मुलाला पाहावं तशी.) पण इंजिनाखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवायला सांगितलंत, तेवढं मात्र माझ्या हातून झालं नाही. ऑफिसात माझ्याकडे आगीचेच दावे येतात. 'विमेदाराने स्वतःच गाडीखाली आग ठेवली व तो कॉफी पिण्यास गेला' हे वाक्य मी आजवर इतक्यांदा लिहिलं आहे की ते माझ्या स्वतःच्या नावासमोर लिहिलेलं मला दिसायला लागलं.

सकाळी उठून मी दुसऱ्याचं घर सोडताना करावं ते सगळं केलं. भांडी घासली, चुलीतली आग विझवली, वर खात्रीसाठी बादलीभर पाणी ओतलं, राख काढून झाडून घेतलं, किल्ली खिळ्याला टांगली. आणि मग गाडीकडे गेले. क्रम चुकला हे मला आता कळतं. शहाणा माणूस आधी गाडी सुरू करतो आणि मग चूल विझवतो, पण मला पेटती चूल मागे ठेवून अंगणात जायची भीती वाटली.

बाहेर उणे चौतीस. बॅटरी बसवली, इंजिन तापवायचं बटण ओढलं, त्याची तार लाल होईपर्यंत थांबले, आणखी थोडी थांबले, मग चावी फिरवली. गाडी म्हणाली, "ऊंऽऽ," आणि गप्प झाली. झोपेतल्या म्हाताऱ्याने कूस बदलावी तशी. पुन्हा केलं. पुन्हा तेच, जरा हळू. तेलाची डिंकासारखी गत झाली होती. त्यात टाकीत तुम्ही ऑगस्टमध्ये भरलेलं उन्हाळी डिझेल होतं, तेही खिरीसारखं आळलं असणार. (ही तक्रार नाही. ऑगस्टमध्ये फेब्रुवारीचा विचार कोण करतो?) चूल परत पेटवायला गेले तर ओली चूल नुसता धूर ओकत राहिली. साडेनऊ झाले होते. आणि निखारे आता तळ्याच्या अरुंद टोकापलीकडे एकाच घरात होते, ओर्वोक्कीबाईंच्या.

काका, इथे मी थोडं थांबून कॉफीचा घोट घेते.

ओर्वोक्कीबाईंच्या दिवंगत नवऱ्याचं आणि तुमचं मासे धरायच्या जाळ्याच्या जागेवरून बोलणं बंद झालं, ते तो वारल्यावरही तसंच बंद राहिलं, हे मला माहीत आहे. आपल्या घराने ज्यांच्याकडे मीठसुद्धा मागितलं नाही, त्यांच्याकडे तुमच्या गाडीसाठी विस्तव मागायला जाणं म्हणजे तुमच्या पाठीमागे तुम्हाला मान खाली घालायला लावणं. त्यात रविवारची सकाळ, न कळवता कुणाच्या दारात उभं राहायचं! मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. तिथून त्यांची खिडकी दिसते. पडदा हलला. मी मान वळवली. थोड्या वेळाने पुन्हा हलला. त्यांना त्रास होत असेल असं वाटून मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन येरझाऱ्या घालू लागले. मग राकेलच्या सासूबाईंच्या भाचीचा तो नवा ब्लाऊज डोळ्यांसमोर आला आणि मी गोठलेल्या तळ्यावरून सरळ चालू लागले.

मी दार वाजवण्याआधीच ते उघडलं. बाई कोट, टोपी, हातमोजे घालून उभ्या होत्या. बाजूला पायाने ढकलायच्या घसरगाडीवर झाकण लावलेली लोखंडी कढई, भरून निखारे, गरम पाण्याची किटली आणि रॉकेलचा डबा.

"आलीस एकदाची," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा गाडी कण्हली तेव्हाच मी चुलीत लाकडं घातली."

"मग आजी, तुम्ही आला का नाहीत?"

"बोलावलं कुठे होतंस? न बोलावता लोकांच्या अंगणात शिरायला मी काय कोल्हा आहे?"

अर्धा तास आम्ही दोघी एकमेकींकडे बघत शिष्टाचार पाळत होतो!

वाटेत त्यांनी बजावलं, "हे निखारे गाडीला देतेय. तैस्तोला नाही." मी म्हटलं, नोंद घेते. मग पत्र्यावर निखारे पसरून इंजिनाखाली सारले, बोनेटवरून जमिनीपर्यंत गोधडी सोडली, डिझेल पातळ व्हावं म्हणून टाकीत रॉकेल ओतलं, फिल्टरला गरम पाण्याची फडकी गुंडाळली. मी बर्फाने भरलेली बादली घेऊन शेजारी उभी. "ती खाली ठेव," बाई म्हणाल्या, "गाडीला वाटेल तिचंच मयत आहे." आम्हाला दोघींनाही गाडीतलं फारसं कळत नव्हतं. मी तुमचं सांगणं आठवून म्हणत होते, त्या मान हलवत होत्या, आणि मधूनमधून वेलदोड्याचा पाव माझ्या तोंडात कोंबत होत्या.

अकराला चावी फिरवली. ऊंऽऽ. मग एक ठोका, मग दोन, मग काळ्या धुराचा एवढा लोट निघाला की बाई दिसेनाशा झाल्या. धुरातून आवाज आला, "जा! थांबू नकोस, आभार नकोत, जा!"

बाराला दहा कमी असताना पोचले. काजळीने माखलेली, केसांना डिझेलचा वास. भाची ब्लाऊज घालून खुर्चीच्या कडेला बसली होती. राकेलने माझ्याकडे पाहिलं, बाळ माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून नाक पुसलं. पाद्रीबाबांनी नाव उच्चारलं तेव्हा बाळ माझ्या हातांत होतं: एलियास. तोवर रीतीप्रमाणे नाव गुपित होतं, सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकलं, आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्या वडिलांचं नाव ते. त्यांनीच नंतर माझा चेहरा ओल्या फडक्याने पुसला.

तुमचे उपकार मोठे आहेत. काकूंना गोड पापा.

तुमची,
सिल्या

ता.क. काकू, गोधडीच्या कोपऱ्याला ताटलीएवढं भोक पडलं आहे. मी नवी शिवून देईन.

ता.क. दुसरं. हे पत्र मी गाडीत बसून लिहिते आहे. राकेलच्या घरी तळ्याकाठच्या घरासारखं नाही, वीज आहे, पण इंजिन गरम ठेवायचे अंगणातले सगळे प्लग पाहुण्यांच्या गाड्यांनी अडवलेत, आणि कुणाची तार काढायला सांगणं मला जमलं नाही. म्हणून सकाळपासून इंजिन बंद केलेलं नाही. शेजारी आता खिडकीतून बघतात.

ता.क. तिसरं, आणि यासाठीच खरं म्हणजे पत्र लिहायला बसले. निखारे सारताना बाई सहज म्हणाल्या की नवरा गेल्यापासून बर्फाखालचं जाळं एकटीने ओढवत नाही, दोर दोन्ही टोकांनी धरावा लागतो, यंदा जाळं टाकलंच नाही. त्यांनी काही मागितलं नाही. माझ्याच तोंडून निघून गेलं: तैस्तोकाका मार्चमध्ये परत आले की येतील. तुमच्या नावाने, तुम्हाला न विचारता. मी आयुष्यात असं कधी केलेलं नाही, आणि परत घ्यायला गेले तर जीभ उचलेना. बाईंनी बाहेर आलेला एक निखारा काठीने आत सारला. मग म्हणाल्या, "येऊ दे. बोलायची गरज नाही म्हणावं. दोर धरला तरी पुरे."