लिफ्ट का पडत नाही

४ फेब्रुवारी

टकळीच्या मुलीचा फोन. मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेलो, हात ग्रीसने बरबटलेले. तरी उचलला.

"मामा, आईचं ठरलं. अठरा तारखेला ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढणार."

म्हणजे बोलणं बंद. टकळीचं! शाळेत असताना तिच्या तोंडाची टकळी कधी थांबायची नाही म्हणून ते नाव पडलं. पुढे मास्तरीण झाली, वर्गात ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. लोकांना आता तिचा घोगरा आवाजच माहीत आहे. माझ्या कानात अजून पहिला आहे.

मुलगी घाईघाईने सांगत होती. हॉस्पिटलात एक जण आहे, जुन्या रेकॉर्डिंगवरून आवाज बनवून देतो. आई फोनवर टाइप करणार आणि फोन तिच्या आवाजात बोलणार. पण अर्धा-एक तास स्वच्छ बोललेलं पाहिजे. "माझ्याकडे आहे ते सगळं बसलेल्या आवाजातलं. आई म्हणते, हा घोगरा नको, माझा तो द्या. मामा, तुमच्या रेडिओच्या टेप असतील ना?"

नाहीत. एकही नाही.

बघतो म्हणालो. काय बघणार, कपाळ!

५ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही दोघंच राहतो, ती बोलते, मी ऐकतो. आज तीही नुसती भाजी ढवळत राहिली. मग म्हणाली, "भाजीत मीठ घातलंय का मी?" घातलं नव्हतं.

६ फेब्रुवारी

झोप नीट नाही. लिहून काढतो, डोकं तरी हलकं होईल.

आमच्या इमारतीची लिफ्ट वडील सांभाळायचे. गच्चीवरच्या मशीनरूमची किल्ली खिळ्याला टांगलेली असायची. मी सतराचा, टकळी सोळाची. मी बिस्किटाच्या डब्यात ट्रान्समीटर जुळवला. कपडे वाळत घालायच्या तारेची एरियल केली. शाळा सुटल्यापासून मोठी माणसं घरी येईपर्यंत त्या मशीनरूममधून आमचं स्टेशन चालायचं. नाव ठेवलं 'मधली सुट्टी'. परवाना वगैरे काही नाही. वायरलेसच्या ऑफिसला कळलं तर धिंडवडे निघणार हे माहीत होतं. शेवटी पकडले गेलोच.

ती बोलायची, मी डबा सांभाळायचो. माझं तोंड तेव्हाही शिवलेलंच. ती काहीही बोलायची — कोणत्या सरांनी मिशी काढली, कोणाच्या खिडकीत मांजर अडकलंय, गणिताचा पेपर किती हलकट होता. मधे माझ्या चुलतभावाच्या तबकड्यांवरची गाणी.

एकच पंचाईत. लिफ्ट चालू झाली की मोटर घूं करायची आणि ते सगळं रेडिओवर जायचं. मग टकळीने युक्ती काढली. मोटरीच्या आधी एक खटका पडतो, तो ऐकला की ती वाक्य तिथेच सोडायची. लिफ्ट थांबली की तिथूनच पुढे. अर्धा शब्द असला तरी! लोकांना वाटायचं मुलगी मुद्दाम ताणून धरते. शाळेत पोरं तशीच बोलायला लागली होती.

टेप ठेवायच्या नाहीत हा नियम माझा. पुरावा नको. भारी शहाणा होतो मी.

८ फेब्रुवारी

तिच्याकडे जाऊन आलो. नवरा गेल्यापासून घरात दोघीच. दार तिनेच उघडलं. गळ्याला मफलर.

"टेप मिळाली का?" कुजबुजली. आता आवाज एवढाच उरलाय.

नाही म्हणालो.

आवाज बनवणारा मुलगा आला होता. त्याच्याकडे तयार आवाजही असतात, ते ऐकवत होता. एक बाई, दुसरी बाई, तिसरी बाई. सगळ्या एकजात लाघवी. टकळीने हाताने बास केलं. "ही मला रांगेत उभी करेल. आणि ही तर कर्ज घ्या म्हणून मागे लागेल." आम्ही हसलो. ती हसली नाही.

मुलगा बाहेर गेल्यावर म्हणाली, "ऑपरेशनची भीती नाही रे वाटत. पण नंतर मी पोरीला हाक मारणार आणि घरात कोणीतरी परकी बाई बोलणार. ती माझ्याच घरात राहणार, माझ्याच तोंडाची. मला नाही चालणार ते."

मी पाणी प्यायलो आणि निघालो.

९ फेब्रुवारी

जुन्या वर्गातल्या माणसांना फोन. कोणाकडे काही नाही. एक म्हणाला, "तुमचं स्टेशन? ते तुमचं होतं?" ठेवून दिला.

रात्री जेवताना ताई म्हणाली, "ज्यांनी पकडलं त्यांना विचार की! पुरावा तर त्यांनाच हवा होता."

इतकं साधं. मला सुचलं नाही.

१० फेब्रुवारी

वायरलेसच्या ऑफिसात गेलो. त्या वेळचे साहेब केव्हाच निवृत्त. आम्ही त्यांना कानसाहेब म्हणायचो. त्यांच्या गाडीच्या टपावर एक गोल कडं फिरायचं, कुठून आवाज येतो ते शोधायला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "काय काम आहे त्यांच्याशी? तक्रार?"

"नाही. त्यांनी मला पकडलं होतं."

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि नंबर दिला.

११ फेब्रुवारी

कानसाहेब! वय झालंय, ऐकू कमी येतं. दोन्ही कानांत यंत्रं. मी कोण ते सांगितल्यावर टाळीच वाजवली.

"मधली सुट्टी! अरे, ऑफिसात सगळे ऐकायचो तुम्हाला. ती मुलगी काय बोलायची! खरं सांगू, सापडू नका असंच वाटायचं."

"मग पकडलं कशाला?"

"तू पत्ता दिलास म्हणून!"

इतकी वर्षं आम्ही खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंवर संशय घेतला. त्यांनीच चुगली केली, दुसरं कोण! टकळीने त्यांच्याकडे कपडे टाकणं सोडलं होतं. आणि ह्यांचं म्हणणं — मी.

मग त्यांनी सांगितलं. टकळीला ताप होता, ती आली नव्हती. मला आठवलं. स्टेशन बंद ठेवायला जिवावर आलं म्हणून मीच बोललो, एकदाच. तबकडी अडकली. बोलायला काही सुचेना. मग मला जे येत होतं तेच सांगत बसलो, लिफ्ट का पडत नाही. दोर एक नसतो, अनेक असतात. सगळे तुटले तरी खाली जबडे असतात, वेग वाढला की रूळ पकडतात. तासभर हेच!

"आणि मधेच घूं झालं," कानसाहेब म्हणाले, "तर तू काय म्हणालास? 'माफ करा, ही आमचीच लिफ्ट. खाली कोणीतरी बटण दाबलं.' तोपर्यंत आम्हाला ते घूं कसलं तेच कळत नव्हतं. गाडीतलं यंत्र त्या दाट वस्तीत नुसतं गोल फिरायचं. दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला. लिफ्ट असलेल्या प्रत्येक इमारतीत जायचं, बटण दाबायचं. मी गाडीत रेडिओ लावून बसलो. तुमच्या इमारतीत बटण दाबलं आणि रेडिओवर घूं! ती मुलगी वाक्य सोडून गप्प. मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू."

अजून कोणी असं स्वतःला पकडून दिलं असेल का? तंबी देऊन सोडलं होतं, डबा जप्त. वडिलांनी किल्ली खिळ्यावरून काढली ती कायमची.

टेप? टेप होती त्यांच्याकडे. कपाटातून काढून आणली. माझा जीव टांगणीला.

"एकच केली होती पुराव्याला. लिफ्टवाली. आमच्या हिला लिफ्टची फार भीती, तिला ऐकवायचो."

"मग जायला लागल्या लिफ्टने?"

"छे! शेवटपर्यंत जिनाच. पण टेप मात्र लावून घ्यायची."

म्हणजे टकळीचा एक शब्द नाही. सगळा मीच. उभा तास नुसता मीच!

१२ फेब्रुवारी

हात हलवत जाण्यापेक्षा बरं म्हणून टेप घेऊन गेलो. मुलगी दारातच आनंदली, तिला सांगताना लाज वाटली. तिचा चेहरा पडला. पण टकळी म्हणाली, "लाव." तिने तो कार्यक्रम ऐकलाच नव्हता, तापात पडून होती.

टेपवरचा मी इतका घाबरलेला की पहिले काही शब्द नुसताच श्वास. मग, "नमस्कार. आज ती आलेली नाही." टकळीने तोंडावर मफलर धरला. जबड्यांपर्यंत पोचलो तेव्हा ती हसत होती. 'ही आमचीच लिफ्ट' आल्यावर मी कानसाहेबांची हकिकत सांगितली. मग तर हसून हसून खोकला, खोकून खोकून परत हसू. मुलगी घाबरली, पाणी आणलं. हसताना मधेच तो जुना आवाज निघाला. एकदाच, वरच्या पट्टीत. मी ऐकला.

"म्हणजे शिवणवाल्या बाईंना आपण उगाच छळलं!"

"उगाच."

टेप संपत आली होती. मी बंद करायला उठलो, तिने हात धरून बसवलं. शेवटचं मला आठवतही नव्हतं. सतरा वर्षांचा तो मुलगा म्हणत होता, "एवढंच येतं मला. उद्या ती येईल. ती नसली की इथे करमत नाही. कोणाला सांगू नका."

सगळ्या गावाला सांगून, कोणाला सांगू नका! वायरलेसचं ऑफिस ऐकत होतं. कानसाहेबांच्या बायकोने तर किती वेळा ऐकलं असेल. फक्त टकळीनेच नाही.

मुलगी माझ्याकडे बघत होती. टकळी टेपकडे. मी म्हणालो, उशीर झाला, एका ठिकाणी दरवाजा अडकतोय लिफ्टचा. खोटं. कुठे काही अडकत नव्हतं.

टेप तिथेच राहिली.

१३ फेब्रुवारी

मला ती आवडायची. अजून आवडते. लिहून टाकलं. तिच्या लग्नात वऱ्हाडाची लिफ्ट बंद पडली होती ती मीच चालू केली. मामाही मीच झालो. कोणाची जबरदस्ती नव्हती, मला तोंड होतं, ते मी उघडलं नाही एवढंच.

पुढे.

१५ फेब्रुवारी

काम. दोन ठिकाणी दोर बदलले.

१७ फेब्रुवारी

उद्या. संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. तिला फार बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. तिने ऐकलंय कधी?

"परकीच बाई येणार तर मग," म्हणाली.

"मला नाही सापडली टेप," मी म्हणालो.

"तुझा काय दोष." नर्स येऊन नाडी बघून गेली. निघताना तिने हाक मारली, माझं नाव घेऊन. इतकी वर्षं 'अरे' नाहीतर 'मामा, ऐका' असंच चाललंय, पोरीच्या देखत. वळलो तर म्हणाली, "काही नाही. मारून बघितली."

जिन्याने उतरलो. लिफ्टपाशी माणसं होती, आणि मला रडू येत होतं.

१८ फेब्रुवारी

झालं. व्यवस्थित झालं म्हणतात. आवाज गेला.

२६ फेब्रुवारी

भेटायला गेलो. ती पाटीवर लिहिते. 'सूप बेचव'. 'नर्स घोरते'. लिहितानाही टकळीच. आवाज बनवणारा मुलगा कोपऱ्यात मुलीशी काहीतरी बोलत होता, मी गेल्यावर दोघं गप्प झाले. काय ते विचारलं नाही. ज्या बाईचा आवाज लावतील तो लावतील.

९ मार्च

ती घरी गेली. मी गेलो नाही. त्या परक्या बाईला भेटायची हिंमत होत नाही. ताई म्हणते, "भित्रा कुठला." आहेच.

१५ मार्च

आंघोळ करून आलो तर ताई फोन कानाला लावून उभी. चेहरा पांढराफटक.

"अरे," म्हणाली, "फोनवर तू आहेस."

घेतला. एक मुलगा बोलत होता. आवाज फुटून नुकता स्थिरावलेला, थोडा घाबरलेला. टेपवरचा तो मुलगा मला ओळखायला वेळ लागला, ताईला लागला नव्हता.

"मी बोलतेय," तो मुलगा म्हणाला. "परकी बाई नको होती घरात. हा आवाज घरचा आहे."

मग शांतता. ती टाइप करत असणार.

"इतकी वर्षं गप्प बसलास ना? आता बघ, दिवसभर बोलायला लावते तुला. संध्याकाळी ये."

मी 'बरं' म्हणालो.