कौशल्याच्या फाईलमधली इंदू

अकोला, गुरुवार, १२ डिसेंबर २०१३

प्रिय माया,

सप्रेम जय भीम. हे पत्र आपल्या वलगावचे चंद्रभान काका तुझ्या हातात देतील. ते लेकीकडे नागपूरला निघालेत, दुपारची गाडी आहे. आत काय लिहिलंय ते त्यांना माहीत नाही. आधी एक सांगतो, तुझी आई जिवंत आहे. आत्ता झोपली आहे. दर दोन ओळींनी उठून तिची छाती हलते का ते पाहून येतो, म्हणून अक्षर असं वेडंवाकडं.

काल तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा पायाला सूज आहे, सलाईन लावली, एवढंच बोललो; इथे फोनवर बोललं की आजूबाजूचे सगळे ऐकतात. खरं असं आहे की पाच दिवसांपासून तिची लघवी जवळजवळ बंद आहे. दोनदा मशीनवर रक्त धुतलं. पावसाने सोयाबीन सडलं म्हणून ती लोकांच्या वावरात कापूस वेचायला जात होती, हे तुला माहीत आहे. दिवसभर ती पाणी पीत नव्हती, हे माहीत नसेल. वावरात बाईमाणसाला आडोसा नसतो, म्हणून सगळ्याच बायका सकाळी घोटभर पिऊन निघतात ते थेट संध्याकाळी घरी येऊन पितात. आणि गुडघ्यासाठी मी दुकानातून दुखणं थांबवायच्या सुट्या गोळ्या आणत होतो. सकाळी एक, संध्याकाळी एक, महिनाभर. मीच हातावर ठेवत होतो. मग दोन दिवस जुलाब झाले, आणि तिसऱ्या दिवशी तोंड सुजलं.

आपल्या नव्या रेशनकार्डावर तिचं नाव आलं नाही. तहसीलला जातो, जातो म्हणत मी वर्ष घालवलं. कार्डावर नाव नाही तर सरकारी योजनेत मोफत उपचार नाही. तेव्हा अकोटहून तुझी कौशल्या मावशी धावत आली. आल्या आल्या मला म्हणाली, जवाई, तुमच्यानं एक नाव टाकनं नाही झालं? घ्या माह्यं कार्ड. आमी बहिणी दिसतो सारख्या, फोटो कोन पायते! मी मान हलवली. अकोल्याच्या दवाखान्यात तुझी आई कौशल्या म्हणून भरती झाली.

पण मावशी दोन वर्षांमागे याच दवाखान्यात होती, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. तिची शुगर, तिची आधीच बिघडलेली किडनी, सगळं संगणकात होतं. कार्डाचा नंबर टाकला आणि जुनी फाईल निघाली. डॉक्टर म्हणाले, बाबा, हे तर जुनंच दुखणं आहे, आता हे सुधारत नाही. त्यामुळे बाई काय खात होती, कोणत्या गोळ्या घेत होती, हे कोणी विचारलंच नाही. नर्सबाई एवढंच म्हणाल्या, आजीची शुगर तर एकदम बरोबर आहे, पथ्य चांगलं पाळलं वाटते. मी हो म्हटलं. माया, मी हो म्हटलं. इथे आल्यावरही गुडघा दुखतो म्हणाली म्हणून दोन दिवस तीच गोळी चोरून दिली. काल शेजारच्या खाटेपाशी डॉक्टरांना बोलताना ऐकलं की अशा गोळ्यांनी किडनी बंद पडते, तेव्हापासून बंद केली.

ऑक्टोबरात तुझ्या खोलीवर राहिलो तेव्हा तू तुझं काम समजावलं होतंस. दूरदेशीच्या दवाखान्यांच्या फायली वाचायच्या आणि रोगाला नंबर द्यायचा. किडनी अचानक बंद पडली, म्हणजे सुधारू शकते, तर सतरा, जुनं दुखणं असेल तर अठरा. मी विचारलं, रोगी न पाहता तुला कळतं कसं? तू म्हणालीस, आधीचा रिपोर्ट पाहायचा, आणि फाईलमध्ये जे लिहिलं नाही ते आमच्यासाठी झालंच नाही. तेव्हा तुझी आई भाकरी थापता थापता हसली, म्हणाली, म्हंजे मी दिसभर रांधलं अन् कोनी लिवलं नाही, तं रांधलंच नाही काय? काल योजनेच्या टेबलावर तिचा कागद पाहिला. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. अठरा लिहिलं आहे. कायमच्या मशीनसाठी हाताची नस जोडायचं ऑपरेशन शनिवारी आहे.

परवा तिला कौशल्याबाई म्हणून हाक मारली, तर ती ग्लानीत म्हणाली, मी इंदू आहो, वलगावची. नर्सबाई हसल्या. आजीच्या डोक्यात विष चढलं, नाव विसरली, म्हणाल्या, आणि रोगी भानावर नाही असं फाईलमध्ये लिहून घेतलं. मी पायथ्याशी उभा होतो. या सगळ्यात खरं बोलली ती एकटी, आणि तेच तिचं लक्षण ठरलं.

दोनदा डॉक्टरच्या दारापर्यंत गेलो. दोनदा तसाच परत आलो. उपचार थांबवतील, पोलिसांना बोलावतील, मावशीचं कार्ड जाईल, आणि उद्या तिलाच मशीन लागलं तर? मावशी हसण्यावारी नेते. म्हणते, कागदावर मी मेली तं मले पुन्हा मरा लागनार नाही. मला हसू येत नाही. इंदूचं काही बरंवाईट झालं तर दाखल्यावर कौशल्या लिहिलं जाईल. माझी इंदू कुठेच मेलेली नसेल, आणि घरातही नसेल.

म्हणून हे लिहितो. धम्मचक्राच्या दिवशी दीक्षाभूमीवरून आलो आणि दुसऱ्या दिवशी तू आईचं रक्त तपासून घेतलंस. किडनी ठणठणीत आहे आई, असं तूच वाचून दाखवलं होतंस. दोनच महिने झाले. तो रिपोर्ट तुझ्या निळ्या पिशवीत असेल, नसेल तर लॅबमधून पुन्हा काढ, पण उद्या सकाळच्या गाडीने घेऊन ये. त्यावर तिचं स्वतःचं नाव आहे. गोळ्यांचं रिकामं पाकीट मी खिशात जपून ठेवलं आहे. डॉक्टरला मीच सांगणार, चूक माझी आहे, तू एक शब्द बोलायचा नाही. तू फक्त माझ्या बाजूला उभी राहा, नाहीतर मी पुन्हा हो म्हणून परत येईन.

तुझाच,
वाट पाहणारा बाबा