बेसार महिन्यातला पाऊस

सेमारांग, १० जुलै २०१७

ती. बापाकांना,
कुंतारीचा गुडघे टेकून नमस्कार.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहिते. आणि जे विचारायचं आहे ते मला फोनवर विचारवणारही नाही.

नदीकाठची खालची वाडी वर हलवायची की नाही, यावर पुढच्या महिन्यात गावच्या कचेरीत जाहीर सुनावणी आहे. त्यासाठी आमच्या कार्यालयाने हवामानाच्या मॉडेलवरून अंदाज दिला, की येत्या वर्षांत मोठे पूर वाढतील. परवा एका निवृत्त प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात आमची सालटी काढली. ज्याला घडून गेलेला पाऊस सांगता येत नाही त्याच्या भविष्यावर लोकांची घरं कसली मोडता, असं विचारलंय. पुरावा म्हणून तुमची गावच्या पावसाची नोंदवही दिलीय. २००३ ते २००७ चे वारे आणि समुद्राचं तापमान दिलं, तर मॉडेल आपल्या गावावर डिसेंबर ते फेब्रुवारीच्या भर पावसाळ्यात धो धो पाऊस दाखवतं. तुमच्या वहीत त्याच दिवसांत शून्य.

मॉडेल चुकतं, मी रोज बघते. पण शेजारच्या चार गावांच्या नोंदींशी ते जुळतं. पर्जन्यमापकावर झाड आलं होतं का? भांडं गळत होतं? काही आठवलं तर कळवा. माया असू द्या.

तुमची,
कुंतारी

कारांगसोनो, १६ जुलै

चि. कुंतारी, नडुक,
बापाकचे आपल्या पोरीला पोटभर आशीर्वाद.

बसवाल्याबरोबर शेंगदाण्याचे कुरकुरीत पेयेक पाठवलेत. कार्यालयात वाटत बसू नकोस; मागच्या वेळी तुझ्या वाट्याला चुराच आला म्हणे.

लेख टपरीवर मोठ्याने वाचून झाला. टपरीवाला हर्जो म्हणाला, पोरीच्या लाखमोलाच्या यंत्राला तू पत्र्याच्या डब्याने हरवलंस, आता सगळ्यांना कॉफी पाज. सगळे हसले. मीही हसलो. खालची वाडी तर खूश आहे. मार्तोयोंच्या, म्हणजे माझ्या, वहीतच पाऊस नाही, मग पूर कुठून येणार, असं म्हणून दोघांनी घरांना नवा रंगसुद्धा दिला.

भांडं गळत नव्हतं. झाडही नव्हतं. गेल्या खेपेस वाळलेली दिसलीस, वेळेवर जेव.

तुझा,
बापाक

सेमारांग, २२ जुलै

ती. बापाकांना,
नमस्कार.

पेयेक पोचले, वाटले नाहीत. तुम्ही उत्तर दिलंत आणि दिलंही नाहीत, म्हणून मी एकेक वर्ष कागदावर मांडलं. वहीतले कोरडे दिवस २००३ मध्ये फेब्रुवारीत आहेत, २००४ मध्ये ते जानेवारीतच सुरू होतात, पुढच्या वर्षी आणखी आधी. दर वर्षी साधारण अकरा दिवस मागे. ढगांना असा हिशोब येत नाही. असे मागे सरकतात ते आपले जावानी चांद्र महिने. मी कॅलेंडर काढून बघितलं. तो बेसार निघाला, लग्नांचा महिना.

बापाक, पाऊस मोजायचात तुम्ही, आणि लग्नात पाऊस अडवून धरायलाही तुम्हांलाच बोलावणं यायचं. उलट्या खराट्याच्या काड्यांना मिरच्या-कांदे टोचून तुम्ही मांडवामागे उपाशी बसायचात. मी पाणी आणलं तर ओरडायचात. त्याच तुम्ही मला शिकवलंत, की भांड्यात असेल तेवढंच लिहायचं, आपल्याला हवं तेवढं नाही. विचारताना मला शरम वाटते. माझं चुकत असेल तर येऊन दोन थोबाडीत द्या, मी आनंदाने खाईन.

तुमची,
कुंतारी

कारांगसोनो, २९ जुलै

चि. कुंतारी,
आशीर्वाद.

तुझं चुकलं नाही.

पहिल्यांदा खोटं लिहिलं ते मुखियाच्या मुलीच्या लग्नात. दुपारभर आभाळ थांबलं, लोक माझे हात कपाळाला लावत होते, आणि वरात निघता निघता कोसळला. वही कचेरीत टांगलेली असे, दुसऱ्या दिवशी मी पाऊस अडवला की नाही ते ठरवायला बायका आकडा बघायला यायच्या. मी शून्य मांडलं. सगळे म्हणाले, वहीत नाही म्हणजे तो पाऊस नव्हेच, नुसता शिडकावा. एकदा लिहिल्यावर पुढच्या लग्नातही लिहावंच लागलं. २००७ नंतर गुडघ्यांचं निमित्त सांगून लग्नांना बसणं सोडलं.

खरे आकडे कुठे टिपले नाहीत. पण आठवतात बरेच. एका लग्नात पाण्याच्या भाराने मांडव बसला, म्हणजे शंभर मिलिमीटर तरी असणार. सगळे लिहून पाठवतो, तू गुपचूप भर. तुमचं मॉडेल जिंकेल आणि माझंही झाकलं राहील.

बापाक

सेमारांग, ४ ऑगस्ट

ती. बापाकांना,
नमस्कार.

नाही बापाक. तुमच्या आठवणीतला शंभर मी भरला, तर तुमच्या शून्यात आणि माझ्या शंभरात फरक काय राहिला? ते रकाने कोरे राहतील. आणि कोरे का, तेही लिहावं लागेल. नाहीतर प्राध्यापक म्हणतील की न पटणारी पानं यांनी फाडली, आणि ते बरोबर म्हणतील.

वहीतल्या नोंदी माझ्या वडिलांच्या आहेत असं साहेबांना सांगून मी या कामातून बाजूला झाले. रकाने कोरे ठेवण्याचं कारण काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं. सुनावणी बारा तारखेला आहे, तोवर मी मुदत मागितलीय. तुमचं नाव माझ्या हाताने लिहायचं नाही असं रोज ठरवते, मग ती नवा रंग दिलेली घरं आठवतात आणि ते ठरवणं मोडतं. रागावलात तरी चालेल, पण पत्र टाका.

कुंतारी

कारांगसोनो, १४ ऑगस्ट

चि. कुंतारी, नडुक,
आशीर्वाद.

पत्र टाकलं नाही, कारण सुनावणीला मीच गेलो. निळा बाटिकचा सदरा घातला, पाच वर्षांच्या वह्या काखेत. उभा राहून सगळं सांगितलं. हर्जो आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मागून एकजण ओरडला, पोरीची नोकरी वाचवायला म्हातारा स्वतःला खोटारडा म्हणवतोय. तू कामातून बाहेर पडलीस हे सांगितलं, पण त्याला पटलं नाही.

प्राध्यापक हळू बोलणारा भला माणूस आहे. म्हणजे मॉडेल खरं आहे असं तुमचं म्हणणं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही. मी खोटा होतो एवढंच सांगायला आलोय. त्याने लिहून घेतलं. म्हणाला, माझा एक पुरावा गेला, बाकीचे आहेत. त्यालाही बोलायचा हक्क आहे.

मग खालच्या वाडीतली सारिंतेन उठली. २००५ ची नवरी. म्हणाली, मी मांडीभर पाण्यातून सासरी आले, आणि बारा वर्षं नवऱ्याशी भांडतेय की तेवढा पाऊस नव्हताच, मार्तोयोंनी शून्य लिहिलंय. स्वतःच्या पायांपेक्षा मी वहीवर विश्वास ठेवला. माझ्याकडे न बघता खाली बसली.

निर्णय पुढच्या महिन्यावर गेला. पर्जन्यमापक मी कचेरीला परत दिलं. टपरीवर जागा करून देतात, पण मी बसलो की गप्पा थांबतात.

सारिंतेन माझ्याशी बोलत नाही. काल सकाळी मात्र तिने भाताची कोठी हातगाडीवर चढवली आणि वरच्या आळीत भावाकडे न्यायला निघाली. चढावर गाडी अडली. मी मागून हात लावला. तिने वळून बघितलं. पण हात काढा असं म्हणाली नाही.

जमेल तेवढी माया ठेव.

तुझा,
बापाक