विनोद क्रमांक तीन, उमेदवार उभीच

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (मी हा शब्द लिहिते तेव्हा तो जसाच्या तसा घ्यावा. आठही अंगं जमिनीला टेकवण्याची सवय घरात फक्त मला आहे.) तुमची तब्येत बरी असेल. मामींचा खांदा आता वर जातो का, की अजून वरच्या फळीवरचे डबे तुम्हालाच काढून द्यावे लागतात? त्या आईला फोनवर सांगत होत्या की व्यायामाने चांगला फरक आहे, पण यांना सांगू नका, नाहीतर डबे काढायचं बंद करतील. हे मी तुम्हाला सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका. इकडे सगळे मजेत. बाबा रोज सकाळी नोकरीच्या जाहिरातींना लाल पेनाने गोल करतात, आणि माझी पदवी हातात आल्यापासून त्यांचं हे तिसरं पेन.

माझ्या दुखण्याबद्दल तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण डॉक्टरांनी आईला जे सांगितलं आणि आईने गावभर जे सांगितलं त्यात बरंच अंतर पडलंय. मला मनापासून हसू आलं की अंगातला जोर निघून जातो. आधी गुडघे, मग मान, मग जबडा. मी खाली येते. शुद्ध पूर्ण असते, सगळं ऐकू येतं (लोक काय काय बोलतात!), आणि मिनिटभराने कपडे झटकून मी उठते. त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. उरलेला सगळा वेळ मी अगदी ठणठणीत दिसते, आणि खरी अडचण तीच आहे. काकूंचं मत अजूनही हेच की हे सगळं नाटक आहे.

पहिली मुलाखत एका विमा कंपनीत होती. बाबांचा सल्ला होता की काही बोलू नकोस, म्हणून मी काही बोलले नाही. पण तिथले मोठे साहेब निघाले विनोदी. त्यांनी वीस मिनिटांत अकरा विनोद केले आणि दोन्ही बाजूंचे छोटे साहेब प्रत्येक वेळी टेबल बडवून हसले. अकरापैकी नऊ विनोदांचं मला काहीच झालं नाही, पण दोन खरोखर चांगले होते, आणि तेवढ्या वेळात मी डोळे मिटून एकोणीसचा पाढा म्हटला. आठवड्याने पत्र आलं, की आमच्या खेळीमेळीच्या वातावरणात आपण रुळाल असं वाटत नाही. ते वाचून मी दारातच कोसळले आणि पोस्टमनने मला पायरीवर बसवलं.

दुसऱ्या ठिकाणी आईचा सल्ला ऐकला आणि बसल्या बसल्या सगळं खरं सांगून टाकलं. त्या बाई फारच चांगल्या होत्या. त्यांनी लगेच मला हातांची खुर्ची दिली, पंखा वाढवला, खिडकी उघडली आणि पुढचे सगळे प्रश्न कुजबुजत विचारले. मध्येच एक कर्मचारी हसतमुखाने फाइल घेऊन आत आला, त्याला हातानेच बाहेर घालवलं. तिथून नकाराचं पत्रसुद्धा आलं नाही. बहुतेक मला धक्का बसू नये म्हणून.

मग आली पाणीपुरवठा खात्याची जाहिरात. तक्रार विभागात एक जागा, काम म्हणजे आलेल्या तक्रारी वाचून त्यांचा सारांश लिहायचा. बाबांनी तिला दोन गोल केले. म्हणाले, तिथे हसायला कोण येतंय! शिवाय ती जागा माझ्यासारख्यांसाठीच राखीव होती. लेखी परीक्षेत मी पहिली आले, डॉक्टरांचे कागद लावले, आणि वाटलं की झालं काम. पण नियमात एक कलम होतं, की जे अपंगत्व दिसत नाही ते पडताळणी समितीने प्रत्यक्ष पाहून खात्री करावी, नाहीतर उमेदवाराचा अर्ज खोटा समजावा. (खोटा! म्हणजे नोकरी तर जाणारच, वर काकू पेढे वाटणार.)

समितीत तिघं होती. निवृत्तीला आलेले एक अध्यक्ष, एक डॉक्टरीणबाई (हाडांच्या, कारण नियमात 'एक डॉक्टर' एवढंच लिहिलंय) आणि इतिवृत्ताची वही घेऊन बसलेले हेडक्लार्क. अध्यक्षांनी फाइल दोनदा वाचली आणि विचारलं, मग आम्ही बघायचं काय? मी म्हटलं, मला हसवावं लागेल. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्या नोकरीत त्यांच्यावर असली पाळी आली नसावी. डॉक्टरीणबाईंनी सुरक्षारक्षकाच्या खोलीतून एक गादी मागवून माझ्या मागे अंथरली आणि फोनमध्ये विनोद शोधायला घेतले. पण अध्यक्षांनी आधीच बजावलं, की सरकारी खोलीत नवराबायको नको, साहेब नको, कोणाचं गाव, जात, वजन नको, आणि पाण्याचा तर विषयच नको. चाळता चाळता शेवटी एक कासव उरलं. डॉक्टरीणबाईंनी ते कासव औषधाच्या मात्रा सांगाव्यात तसं सांगितलं. हेडक्लार्कनी लिहिलं, विनोद क्रमांक एक, उमेदवार उभी.

दुसरा विनोद अध्यक्षांचा स्वतःचा. तो रंगत आला, आणि नेमका शेवट त्यांना आठवेना. त्यांनी घरी फोन लावला. पलीकडून त्यांच्या पत्नीने सांगितलं की तो विनोद नव्हताच, ते आमच्या भाऊजींच्या बाबतीत खरंच घडलंय आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. तिसरा हेडक्लार्कनी सांगितला, पण स्वतःच लिहून घ्यायचा असल्यामुळे एकेक वाक्य थांबून थांबून. विनोद क्रमांक तीन, उमेदवार उभीच.

मामा, खरं सांगते, तेव्हा वाटलं की पडून टाकावं. गादी मागेच होती. गुडघे थोडे सैल सोडले की नोकरी माझी होती, आणि ती तिन्ही बिचारी माणसं सुटली असती. पण दोन वर्षं मी घसा कोरडा करून एवढंच सांगत आलेय की हे मी करत नाही, मला होतं. तिथे एकदा खोटं पडले असते तर काकूंचं म्हणणं खरं ठरलं असतं. म्हणून उभी राहिले. धडधाकट उभं राहिल्यामुळे नोकरी जाणार, या विचाराने मला रडू आलं. (रडताना मी अजिबात पडत नाही. तीही एक गैरसोयच.)

अध्यक्षांनी उसासा टाकून बैठक आवरती घ्यायला सांगितली. सहीपूर्वी इतिवृत्त वाचून दाखवायचा नियम आहे, म्हणून हेडक्लार्क उभे राहिले, चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात वाचू लागले: 'समितीने उमेदवारास हसवण्याचे तीन प्रामाणिक प्रयत्न केले. प्रयत्नांदरम्यान समितीतील एकही सदस्य हसला नाही. कासवाबाबत अधिक माहिती मागवण्यात यावी.'

गुडघे गेले. मान गेली. जबडा गेला. मी गादीवर आडवी, आणि कानावर अध्यक्षांचा आनंदाने फुटलेला आवाज, 'वेळ लिहा! वेळ लिहा!' हेडक्लार्क म्हणाले, 'अकरा बावन्न. पण साहेब, हे कुठल्या विनोदाखाली दाखवू?' अध्यक्षांनी पूर्ण विचार करून निर्णय दिला, की इतिवृत्त हाच विनोद क्रमांक चार धरावा, एकमताने. मी नुकतीच कोपरावर टेकून उठत होते, ती परत खाली. एवढ्यात डॉक्टरीणबाई तोंडावर पदर धरून हसायला लागल्या, आणि मग तिघंही. मी छताकडे बघत पडून होते, आणि मामा, इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

नोकरी लागली. रुजू होऊन आठवडा झाला. मामींना नमस्कार, घरातल्या लहानांना पापा.

तुमची भाची
(कनिष्ठ लिपिक, तक्रार विभाग)

ता. क. बाबांचा अंदाज साफ चुकला. एका गृहस्थांनी लिहिलंय की माझ्या नळाला पाणी येत नाही, पण शेजाऱ्यांच्या नळाला आलं की माझा नळ घशातून आवाज काढून त्याचं अभिनंदन करतो. या आठवड्यात मी तीनदा फरशीवर होते. आता शेजारच्या टेबलावरचे लोक फक्त माझा चहा बाजूला सरकवतात आणि काम चालू ठेवतात.

ता. क. २. काकूंना समितीच्या प्रमाणपत्राची प्रत पाठवली. त्यांचा निरोप आला, की सरकारलाही हल्ली नाटकं आवडतात.

ता. क. ३. आता खरं काम. आई सांगते, दोन वर्षांपूर्वी तुमच्या एका किश्श्याने मी पहिल्यांदा कोसळले ते तुम्ही फार मनाला लावून घेतलंत. तेव्हापासून मी खोलीत आले की तुमची गोष्ट अर्धी राहते आणि हवापाणी सुरू होतं. मला वाटायचं, तुमचा माझ्यावर राग आहे. मामा, पडायची मला भीती वाटत नाही, ते मिनिटभराचं काम आहे. पण तीन परकी माणसं माझ्यासाठी अर्धा तास विनोद सांगत बसली आणि सख्खा मामा मात्र तब्येत विचारून गप्प बसतो, याचं वाईट वाटतं. रविवारी या. मी आधीच जमिनीवर बसून राहीन.