यादीतला ‘रा.’

६ जानेवारी १९८१, मंगळवार. फर्स्ट शिफ्ट.
डबा खाताना कामगार कल्याणच्या देशमुखनं गाठलं. कंपनीच्या भित्तिपत्रकाला जुन्या फुटबॉल मंडळावर अर्धं पान पाहिजे. “तुम्ही लेफ्ट हाफ होतात ना? बंद का पडलं हो?” म्हटलं, मैदानावर शेड आली. शेड आली हे खरंच आहे. पण ती मंडळ मोडल्यावर दोन वर्षांनी. मोडलं आम्हीच, त्यातही मुख्यतः मी. हे त्याला काय सांगणार?

८ जानेवारी, गुरुवार. सुट्टी.
ट्रंकेच्या तळातून यादी काढली. दहा वर्षांनी. पेंडसेकाकांचं अक्षर. काका मंडळाचे सेक्रेटरी, नोकरीला टाइम ऑफिसात. सोळा नावं. पाच नावांपुढे ‘रा.’ भिकाजी, रतन, दोघे जाधव भाऊ आणि मी. पाचही बौद्ध वस्तीतले. बाकी कोणापुढे काही नाही, आणि ते मोजून अकरा. ‘रा.’ म्हणजे राखीव, सरळच होतं की.
त्या हंगामात मी एक मॅच चुकवली नव्हती. आणि खडकीवाल्यांशी फायनल, तेव्हा राखीव! चहाच्या टपरीवर लावलेला हा कागद काढला, खिशात घातला. पाचही जण गेलो नाही. बाकीचे अकरा खेळले, सात गोल खाल्ले. पुन्हा मंडळ जमलं नाही.
ज्ञानोबाशी बोलणं तेव्हापासून बंद. दिघीचा ज्ञानोबा, आमचा कॅप्टन, गोलकीपर. एका सायकलवर डबलसीट फिरलेलो आम्ही. मी गेलो नाही, त्यानंही कधी येऊन विचारलं नाही.
सौ. कागद बघत होती. “अहो, तुमचं नाव चौथं कसं? राखीव मुलं खाली लिहितात ना? आपल्या संजूच्या शाळेत तरी खालीच असतात.”
बघत बसलो. माझं चौथं, भिकाजीचं दुसरं, रतन सातवा. दहा वर्षांत एकदाही...

१२ जानेवारी, सोमवार. सेकंड.
भिकाजीला विचारलं. “सोड ना राव. तू आणि तुझा कागद.” पण चहा संपेपर्यंत स्वतःच दोनदा म्हणाला, दुसरं नाव माझं होतं? नक्की दुसरं?
डोक्यातून जात नाही. भट्टी खात्यातून काढून इन्स्पेक्शनला टाकल्यापासून मला हीच खोड लागलीय. माप चुकलं की पुन्हा मोजायचं.

१५ जानेवारी, गुरुवार. सुट्टी.
चिंचवडला पेंडसेकाकांकडे. रिटायर झालेत, डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही. मला आवाजावरून ओळखलं, बरं वाटलं. कागद खिडकीपाशी नेला, भिंग लावलं आणि हसले.
“अरे सुदाम, ही रात्रपाळी. दुसरं काय असणार?”
जन्मभर मस्टरवर प., दु., रा. लिहिलं त्यांनी. पहिली, दुसरी, रात्र. “तुम्ही पाचही भट्टीतले. बुधवारची रात्रपाळी करून गुरुवारी सकाळी थेट मैदानावर यायचं होतं तुम्हाला. म्हणून गेटवर टेम्पो उभा केला होता मी. कोणाला घ्यायचं ते टेम्पोवाल्याला कळावं म्हणून खुणा. नऊपर्यंत थांबला बिचारा.”
आम्ही मागच्या गेटनं गेलो होतो.
“मग विचारायचं होतंत कोणीतरी,” म्हणाले. “मला वाटलं, तुम्हीच खडकीवाल्यांना फितूर झालात.”
म्हणजे दहा वर्षं तेही रागावलेले. काकूंनी पोहे केले होते, अर्धे तसेच टाकले मी.

१६ जानेवारी, शुक्रवार. फर्स्ट.
भिकाजीला सगळं सांगितलं. म्हणाला, नाईटच होती भाऊ त्या आठवड्यात. थोरलीचं बारसं त्यातच आलं, झोपेत होतो मी, बायको अजून टोमणे मारते.
एक अक्षर आणि एक टिंब.
पण आम्ही कधी रात्रपाळी म्हणालो? नाईट म्हणायचो. या डायरीतसुद्धा फर्स्ट, सेकंड, नाईट. राखीव मात्र कानात बसलेला शब्द. कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी एकानं विचारलं होतं, राखीव जागेतून आलास का? कंपनीत राखीव जागा नव्हत्याच. तरी विचारलं. मग ‘रा.’ दिसल्यावर आम्ही दुसरं काय वाचणार?
हे खरं. पण मोडलं मीच, हेही खरं. फार वाईट वाटतंय. ज्ञानोबाकडे जायला पाहिजे. चूक झाली म्हणायचं, बस.

१९ जानेवारी, सोमवार. फर्स्ट.
देशमुख: “झालं का पान?” म्हटलं, एक माणूस भेटायचा राहिलाय.

२२ जानेवारी, गुरुवार. सुट्टी.
दिघीला सायकलनं गेलो. वाटेत वाक्य चार वेळा जुळवलं. ज्ञानोबा गोठ्यात होता, केस पिकलेत, हात तेवढेच मोठे. “ये सुदा,” म्हणाला, जसा काल भेटलो होतो.
कागद दाखवला. रात्रपाळी, टेम्पो, सगळं सांगितलं. माफीपाशी येणार तोच म्हणाला, “मला टेम्पोचं ठावंच न्हाई. काका बोलले न्हाईत. टपरीवर यादी मी बी वाचली. मला बी राखीवच वाटलं.”
“म्हणजे?”
“वाटलं, मोठी म्याच हाय, कमिटीनं तुमाला बसवलं.”
“मग?”
“मग काय. कॅप्टन मी. तोंड उघडाया पायजे हुतं, न्हाई उघडलं. म्हनून तर तुझ्याकडं आलो न्हाई.”
मी नेलेलं वाक्य माझ्याकडेच राहिलं. काकांनी तसं लिहिलं नव्हतं, ठीक. पण ह्यानं तसं वाचलं आणि मॅच खेळला. मी चुकून रागावलो की बरोबर रागावलो, घरी येईपर्यंत ठरलं नाही. राग आला, आणि त्याचे हात बघून रडूही आलं.
निघताना म्हणाला, “फुडल्या गुरवारी येशील का?” बघतो म्हटलं.

२७ जानेवारी, मंगळवार. सेकंड.
देशमुखला पान दिलं. खेळाडूंची सोळा नावं, खुणांशिवाय. मंडळ बंद का पडलं, तिथं दोन ओळी कोऱ्या ठेवल्यात. तो म्हणाला, इथं काय लिहू? म्हटलं, शुक्रवारी सांगतो.
मधे गुरुवार आहे.