तळणातलं विमान

३ मार्च, सकाळ
मानवजातीच्या प्रगतीच्या वाटेत आज एक स्टीलची वाटी आडवी आली, याची खेदपूर्वक नोंद. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका दारात. म्हणाल्या, प्रयोगासाठी नेलेलं वाटीभर तेल कधी देताय? वाटीही तुमच्याकडेच आहे. इकडे विमानं खनिज तेल जाळत आभाळ तापवतायत आणि बाईंचा जीव वाटीत.
संकल्प: तळून उरलेलं तेल जमवायचं. त्यापासून विमानाचं इंधन करणारी कंपनी आहे. पिंपभर असेल तरच नेतात. पिंप बाल्कनीत आणून ठेवलं. बायको म्हणाली, मी कपडे कुठे वाळत घालू? दृष्टीच नाही.

७ मार्च
हॉटेलवाले वापरलेलं तेल देत नाहीत. म्हणे, अजून वापरतोय. तोडगा सापडला. नवं तेल आणून घरीच वापरलेलं करायचं. बायको म्हणाली, अहो, मग नवंच ओता ना विमानात. तिला केमिस्ट्री कळत नाही.

१५ मार्च
रोज बटाटे तळतो. खाणार कोण, हा प्रश्न मेहुण्याने सोडवला. बायकोचा धाकटा भाऊ हृदयाच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे पथ्यावर आहे. उकडलेलं खाऊन वैतागला होता. बायको ऑफिसला गेली की आमचं उत्पादन सुरू. म्हणाला, दाजी, तुम्ही देवमाणूस. मेहुणा कुणाच्या उपयोगी पडतोय, ही पहिलीच वेळ.
कढई विसळलेलं पाणीही पिंपात ओततो. थेंब वाया जाता कामा नये.

२ एप्रिल
पिंप भरत आलं. मेहुणा जिन्यात मध्येच बसतो. डॉक्टरांनी पुन्हा बजावलं, तळलेलं बंद.
संकल्प: उद्यापासून त्याला बटाटे टिपकागदावर काढून द्यायचे.

९ एप्रिल
दुर्दैव. पिंप भरायला चार बोटं उरली असताना मेहुणा कोसळला. इथले डॉक्टर म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात हलवा, आजच. बायको विमानाच्या मागे लागली. मी तत्त्वाचा प्रश्न मांडला. आपल्याच घरचा माणूस खनिज तेलावर उडणार? गाडीने रात्रभरात पोचेल की. ती उठून त्याची बॅग भरायला लागली. पटलं असावं. त्याला घेऊन गेली मात्र विमानानेच.
स्ट्रेचरवरून मेहुणा पुटपुटला, दाजी, चार बोटं राहिलीच. गलबलून आलं. किती ती प्रकल्पाची आस्था!

१२ एप्रिल, पहाट
फोन आला. मेहुणा गेला. बायकोने एवढंच विचारलं, काय खायला घालत होता त्याला? म्हणालो, त्याला आवडायचं तेच. तिने फोन ठेवला. दुःखात माणसं तुटक बोलतात.
संकल्प: पहिल्या खेपेला मेहुण्याचं नाव. पिंपावर लिहिलंसुद्धा. तेलकट पत्र्यावर शाई धरत नाही.

१९ एप्रिल
कंपनीचा माणूस आला. पिंपात काचेची नळी बुडवून उजेडात धरली. म्हणाला, साहेब, निम्मं पाणी आहे. विमान सोडा, यानं दाराची बिजागरीसुद्धा कुरकुरायची थांबणार नाही. मी म्हणालो, थेंब न थेंब घरचा आहे. त्याने पिंपाकडे पाहिलं. म्हणाला, एवढं खाल्लं कुणी?
मी चहा विचारला. थांबला नाही.

२० एप्रिल
बायकोचा निरोप आला, माझे कपडे माहेरी पाठवून दे. पाठवले. मग पिंप खाली नेलं. बाल्कनीत आता दोरी बांधायला भरपूर जागा आहे.
फडताळात तेलाची एक पिशवी निघाली, न फोडलेली. बाईंची वाटी घासली. काठोकाठ भरली. त्यांच्या दाराशी नेऊन ठेवली.
बेल वाजवली नाही.